कुहीच्या घराचा कोरा रकाना

प्रा. दौलतराव गभणे दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नागपुरात, सक्करदऱ्यातील राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका आला; डॉक्टर पोचण्यापूर्वीच सारे संपले होते. शेती-अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मागे पत्नी शांताबाई, एवढा मजकूर आमच्या कार्यालयात फोनवर आला आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात शेवटच्या पानावर छापला गेला. तो मी लिहिला नव्हता. ज्याने लिहिला त्या तरुण सहकाऱ्याने जुनी कात्रणे चाळून त्यात एका वाक्याची भर घातली होती : 'जपानी भातशेतीचे ते विदर्भातील आद्य पुरस्कर्ते होते.' दौलतराव हयात असते तर दुपारच्या आत सायकल कार्यालयाच्या जिन्याला टेकवून वर आले असते, अंकाची नीट घडी माझ्या टेबलावर ठेवली असती आणि विचारले असते, "हे कोणं लिहिलं गा?" जपानी भातशेतीचे ते पुरस्कर्ते नव्हते. विरोधकही नव्हते. ही गोष्ट त्यांनी आमच्या तीन संपादकांना समजावून सांगितली आणि तिघेही ती समजून न घेताच निवृत्त झाले. दुरुस्ती छापावी का, असे मी चौथ्यांना विचारले. मृत्यूच्या बातमीला दुरुस्ती नसते, असे उत्तर मिळाले.

त्यांची माझी ओळख साठच्या दशकाच्या सुरुवातीची. शेतीचे साप्ताहिक पान माझ्याकडे होते, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होते. दौलतराव तेव्हा नुकतेच परदेशच्या अभ्यासदौऱ्यावरून परतले होते. जपान, डेन्मार्क आणि इजिप्त या तीन देशांत प्रत्येकी एका शेतकऱ्याच्या घरी राहून आले होते. त्या काळी परदेशातून परतलेल्या माणसाने लेखमाला लिहायची आणि तीत आपल्या शेतकऱ्याला चार खडे बोल सुनवायचे, असा रिवाजच होता. संपादकांनी मथळा आधीच ठरवून टाकला होता : 'जपानला जमते, आपल्याला का नाही?' दौलतरावांचा पहिला लेख आला. त्याचा पहिला तृतीयांश 'एकर' हे माप तुलनेसाठी का निरुपयोगी आहे याविषयी होता. जपान त्यानंतर सुरू होत होता. मी तो तृतीयांश काढला आणि उरलेला लेख ठरलेल्या मथळ्याखाली छापला. सकाळी ते कार्यालयात हजर.

"तुम्ही एकर कापला," ते म्हणाले.

लेख जागेपेक्षा लांब होता, असे मी सांगितले.

"लांब होता म्हणून पाय कापले? आता उभा कसा राहीन तो?"

मग त्यांनी माझ्यासमोर बसून तो कापलेला भाग तोंडी सांगितला. त्याला छापील मजकुरापेक्षा दुप्पट वेळ लागला. त्यांचे म्हणणे असे होते, की डेन्मार्कचा शेतकरी एका एकरावर इतके दूध काढतो, असे आपण म्हणतो तेव्हा तो एकर नेमका कुठला हे कोणी विचारत नाही. त्याची गाय ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, खाते. ती ढेप बोटीने येते. बोट मुंबईहून निघते. मुंबईला ढेप पाठवणाऱ्यांत लकडगंजातले व्यापारी आहेत. म्हणजे त्या गाईचे निम्मे कुरण विदर्भात आहे, ते आपण तिच्या मालकाच्या एकरात धरतो आणि त्याच्याशी आपल्या गाईची तुलना करून आपल्या गवळ्याला आळशी ठरवतो. मला हे पटले नाही असे पाहून त्यांनी मला त्याच दुपारी लकडगंजात नेले. पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्या ढेपेच्या व्यापाऱ्याला त्यांनी विचारले, तुमचा माल डेन्मार्कला जातो काय?

व्यापारी म्हणाला, "माल मुंबईले जाते साहेब. डेन्मार्क कुठी आलं? कळमन्याच्या पुढं का?"

"समुद्राच्या पुढं."

"मंग जात असन. पैसा मुंबईवाला देते, मी काय गाईले इचारायले जातो?"

दौलतराव या उत्तरावर संतुष्ट होते. मी नव्हतो. ढेप डेन्मार्कला पोचते याचा पुरावा त्यातून मिळत नव्हता, हे मी परतताना त्यांना सांगितले. सायकल थांबवून ते म्हणाले, "हे बरोबर आहे." आणि पुढचे तीन आठवडे त्यांनी लेख दिला नाही. मुंबईच्या निर्यातदारांकडून ढेप कोणत्या बंदरांत उतरते याची लेखी खात्री येईपर्यंत पान त्यांच्यावाचून निघाले. त्यांच्याबरोबर काम करणे म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

लेखमालेचे पुढे सदर झाले. ते किती वर्षे चालले हे सांगण्यापेक्षा किती वेळा बंद पडले हे सांगणे सोपे आहे. प्रत्येक वेळी कारण एकच : मागच्या आठवड्यात छापलेली तुलना अपुरी होती असे त्यांच्या ध्यानात आलेले असे. जपानच्या धानाचा उतारा आपल्यापेक्षा जास्त, हे एका आठवड्यात छापायचे. पुढच्या आठवड्यात, तिथले सरकार तो तांदूळ चढ्या भावाने घेते, म्हणून त्याला खत परवडते, हे जोडायचे. त्यापुढे, ज्या घरी ते राहिले होते तिथला शेतकरी आठवडाभर कारखान्यात जातो आणि शेत त्याची बायको बघते, तेव्हा त्याला शेतकरी म्हणावे की कामगार, हा प्रश्न. त्यानंतर, आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धान कापायच्या आधीच लाखोळी हे कडधान्य फेकतात, ती मागून ओलीवर येते. बांधावर तूर असते. बोडीत, म्हणजे शेताच्या लहानशा तळ्यात, मासे असतात. हे सगळे उताऱ्यात का धरले जात नाही... इजिप्तची पाळी येईपर्यंत वाचक जपान विसरलेला असे. "वाचकाला एक वाक्य हवे असते," असे मी त्यांना अनेकदा सांगितले. "मंग त्याले सांगा का वाक्य तयार व्हायचं आहे," ते म्हणत.

या साऱ्यातून त्यांचे एक पुस्तक आकाराला येत होते. कल्पना साधी होती, आणि ती चांगली आहे असे मला आजही वाटते. देशांच्या सरासऱ्या घ्यायच्या नाहीत. "सरासरी शेतकरी म्या आजवर पाह्यला नाही," ते म्हणत, "त्याच्या घरी जेवलो नाही." त्याऐवजी चार देशांतली चार घरे घ्यायची, जिथे ते प्रत्यक्ष राहिले ती. परदेशातली तीन, आणि चौथे कुहीजवळच्या गावातले, त्यांच्या थोरल्या भावाचे. चारही घरांत वर्षभरात काय पिकते, कशाच्या बळावर पिकते आणि किती कष्टांत, हे एका मोठ्या तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे. या तक्त्याचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. घरातल्या प्रत्येक हाताच्या कामाला गावच्या दराने मजुरी लावायची, मग ती मजुरी कोणी दिलेली असो वा नसो. घरचे माणूस फुकट राबते म्हणून काम स्वस्त होत नाही. राबणारा तोच वेळ दुसरीकडे मजुरीला गेला असता तर जे मिळाले असते, तो खर्चच. हा नियम शेती-अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. दौलतरावांनी तो विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना शिकवला होता. डेन्मार्कमध्ये वासरे सांभाळणाऱ्या घरमालकिणीची मजुरी त्यांनी लावली. जपानमध्ये लावणी करणाऱ्या बाईची लावली. नाईलच्या काठी कापूस वेचणाऱ्या सुनांची आणि म्हशीसाठी बरसीम कापणाऱ्या सासूचीही लावली. कुहीच्या घरी आत्मारामजींची लावली, वर्षाच्या सालदाराची लावली, आणि सरस्वतीबाईंच्या, म्हणजे थोरल्या वहिनींच्या, रकान्यात आडवी रेघ ओढली.

याचे कारण आत्मारामजी. गभण्यांच्या घरच्या बायका शेतात राबत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटणे, रोवणे, निंदणे, कापणे, सगळे करत. पण आपल्याच शेतात, किंवा शेजारणीच्या शेतात उसनवारीने. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. रोजंदारी घेऊन दुसऱ्याच्या बांधीत उतरणे हे त्या घराने कधी केले नव्हते, आणि गावात घराची पत यावर मोजली जाई. तेव्हा सरस्वतीबाईंच्या नावापुढे मजुरीचा आकडा लिहिणे, तोही छापील पुस्तकात, आत्मारामजींना मान्य नव्हते. संपादक, कुलगुरू, मंत्र्यांचे सचिव यांच्याशी एका स्वल्पविरामावरून भांडणारे दौलतराव मोठ्या भावापुढे एक शब्द बोलले नाहीत. वडील लवकर गेल्यावर आत्मारामजींनी त्यांना शिकवले होते. रेघ तशीच राहिली.

सरस्वतीबाईंच्या कामाचे दिवस दौलतरावांकडे टिपलेले होते. दर सुटीत ते गावी जात आणि वहिनीला विचारून घेत. बाईच्या मजुरीचा दर गावात सगळ्यांना ठाऊक होता. एक गुणाकार करायचा होता. तो त्यांनी दोन दशके केला नाही, आणि तेवढ्यासाठी पुस्तक छापायलाही दिले नाही.

मी उपाय सुचवले. गावाचे नाव बदला, घराचे नाव बदला.

"मंग डेन्मार्कवाल्याचं खरं नाव काहून छापता? तो परका आहे म्हणून?"

कुहीचे घर वगळा, तीन देशांचे पुस्तक करा.

"मंग मी गेलो कायले तिकडं?"

एक तळटीप द्या, की घरातील स्त्रियांचे श्रम धरलेले नाहीत.

यावर ते म्हणाले, "पत्रकार, तळटीप कोण वाचते? तुम्ही वाचता?" मी वाचत असे, पण तसे सांगण्यात अर्थ नव्हता.

हे संभाषण सक्करदऱ्याच्या घरी त्यांच्या पुढच्या खोलीत चालले होते. शांताबाई तिथेच टेबलाशी बसून तक्त्याची स्वच्छ प्रत करत होत्या. दौलतरावांचे अक्षर त्यांचे त्यांनाही लागत नसे. त्यांनी लिहिलेले सगळे, लेख, तक्ते, पत्रे, शांताबाईंनी पुन्हा लिहिलेले असे. नवा रकाना वाढला की अख्खा तक्ता पुन्हा आखावा लागे. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, ह्या घराचाही एक तक्ता करा ना. माझी मजुरी कोणत्या रकान्यात बसते ते कळेल."

"तू काय मजुरीनं लिहितेस काय वं?"

"नाही ना. म्हणूनच विचारते."

दौलतराव हसले आणि विषय बदलला. शांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी ठेवून पुढची रेघ मारली.

कोऱ्या रकान्याची किंमत सत्तरच्या दशकात वसूल झाली. दुष्काळाची वर्षे सरल्यावर धानाच्या सरकारी खरेदीचा भाव सुचवण्यासाठी नेमलेली एक समिती नागपूरला आली. पूर्व विदर्भातले धान उत्पादक निवेदने घेऊन आले होते. कुही भागातून बोलायला आत्मारामजी आले होते; स्वच्छ धोतर, काळा कोट, हातात काठी. दौलतराव तज्ज्ञ म्हणून निमंत्रित होते. मी वार्ताहर म्हणून बाजूच्या टेबलाशी होतो. आत्मारामजींनी आपले म्हणणे चांगले मांडले. खर्च वाढला, भाव पुरत नाही, घरचे सगळे राबूनही हाती काही उरत नाही. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि समोरच्या कागदांतून एक सायक्लोस्टाइल केलेला तक्ता काढला. दौलतरावांनी महाविद्यालयात दिलेल्या एका व्याख्यानाच्या वेळी विद्यार्थ्यांनी त्या मोठ्या तक्त्याचा हा गोषवारा वाटला होता. त्यात आडव्या रेघेच्या जागी काहीच उमटले नव्हते, आणि बेरीज करणाऱ्याने तिथे काही नाही असे धरून बेरीज केली होती. अध्यक्ष म्हणाले, या तक्त्याप्रमाणे कुहीच्या शेतकऱ्याचा खर्च चारही देशांत सर्वांत कमी आहे. त्याच्या हातात उरणारा वाटा डेन्मार्कच्या शेतकऱ्याहून अधिक आहे. मग भाव वाढवून मागण्याचे कारण काय? "आणि हा तक्ता आमचा नाही," ते म्हणाले, "आपल्याच गावच्या प्राध्यापकांचा आहे."

दौलतराव उभे राहिले. "तो रकाना शून्य नाही," ते म्हणाले. "कोरा आहे."

"कोरा का आहे?"

आत्मारामजी दुसऱ्या रांगेत बसले होते. दौलतरावांनी तिकडे पाहिले नाही. "माहिती मिळू शकली नाही," ते म्हणाले आणि बसले. मी ते टिपून घेतले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेले हे एकमेव विधान, जे खरे नाही हे मला ठाऊक होते. बातमीत तेच गेले, कारण ते तेच बोलले होते.

संध्याकाळी बसस्थानकावर कुहीच्या गाडीची वाट पाहत आम्ही तिघे उभे होतो. बराच वेळ आत्मारामजी काठीने फरशीवर टकटक करत राहिले.

"तुह्या कागदात मी डेन्मार्कवाल्याच्या वर गेलो म्हणे," ते अखेर म्हणाले.

"हाव."

"मंग मले आजवर कोणं सांगतलं कसं नाही? एक नवा कोट तं शिवला असता."

"दादा, वयनीची मजुरी लिहू दे. तुहाच खर्च वाढते त्यानं. भाव मागता येते."

"भाव नाही भेटला तरी चालन. गभण्याच्या घरची बाई मजुरीनं गेली असं छापून नाही येणार."

"गेली असं नाही गा दादा. गेली असती तर किती झाले असते, तेवढं लिहायचं."

"गेलीच नाही तं झाले असते कायचे?"

ज्या प्रश्नाचे उत्तर दौलतराव दरवर्षी खडूने फळ्यावर लिहीत, ते त्यांना बसस्थानकावर देता आले नाही. मी मध्ये पडलो. म्हणालो, आत्मारामजी, तुमच्या या हट्टापायी आज सगळ्या तालुक्याचा भाव अडला. त्यांनी माझ्याकडे सौम्यपणे पाहिले. "पत्रकारसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या घरच्या बाईचं नाव कधी छापून आलं का पेपरात?" गाडी लागली. ते खिडकीशी बसले, भावाला म्हणाले, "पऱ्हे टाकायच्या टायमाले येजो," आणि गेले. समितीने भावात वाढ सुचवली नाही. तिच्या निर्णयामागे या तक्त्याचा वाटा किती होता, हे सांगता येत नाही.

त्यानंतर दौलतराव पुस्तक पूर्ण करतील अशी माझी अपेक्षा होती. एवढे झाल्यावर कोणीही केले असते. त्यांनी तक्त्याला चार नवे रकाने जोडले : बोडीचे पाणी, बांधावरची तूर, जनावरांचे तणस, सरपण. चारही घरांकडून नव्याने माहिती मागवली. जपानच्या घरी आता शेत विकले होते. डेन्मार्कच्या घरी गाई जाऊन डुकरे आली होती. इजिप्तचा धाकटा मुलगा आखातात नोकरीला गेला होता. म्हणजे तुलना पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागून त्यांना म्हणालो, की तुम्ही तुलना करता आहात तोवर देशच बदलून जातील. "बदलले," ते म्हणाले. "हेच तं छापायचं आहे."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर एकदा गावी गेलो होतो. रोवण्याचे दिवस होते. सरस्वतीबाई बांधीतून वर आल्या, पाय धुतले, आणि चहा टाकता टाकता स्वतःच विषय काढला. पुस्तक कशाने अडले हे त्यांना माहीत होते. एव्हाना ते सगळ्या घराला माहीत होते.

"लिवा भाऊजी, मी कायले नाही म्हणू," त्या म्हणाल्या. "पण सध्या नोका लिवू. इंदूचं लगन जमून राहिलं. तिकडचे लोक म्हणतीन, माय मजुरीले जात होती."

इंदूचे लग्न झाले. पाठोपाठ आत्मारामजी वारले. मी धरून चाललो होतो, की आता अडसर उरला नाही. दौलतरावांना तसे म्हणालो. "दादा होता तवा त्याले विचारता तरी येत होतं," ते म्हणाले. "आता कोणाले विचारू?" रागावावे अशी ही गोष्ट होती आणि मी रागावलो. मी त्यांना सांगितले, की तुमच्या भावाचा मान राखण्यासाठी तुम्ही स्वतःच्या वहिनीचे श्रम पुसले आहेत. डेन्मार्कची बाई तुम्हाला दिसली, स्वतःच्या चुलीपुढची दिसली नाही. ते म्हणाले, "दिसली. म्हणूनच शून्य नाही टाकला. रेघ ओढली." त्यांच्या दृष्टीने यात फार मोठा फरक होता. वाचकाच्या, समितीच्या आणि बेरजेच्या दृष्टीने तो नव्हता, हे मी त्यांना सांगितले, आणि आमचे त्या दिवशीचे बोलणे तिथे संपले. असे बोलणे पुढेही चार-सहा वेळा झाले, याच शब्दांत. अखेरची भेट दिवाळीच्या आधी झाली. ते इजिप्तच्या म्हशींविषयी बोलले.

तेरवी झाल्यावर शांताबाईंनी मला बोलावून घेतले. टेबलावर पुस्तकाची पूर्ण प्रत बांधून ठेवली होती. दौलतरावांचे एक जुने विद्यार्थी आता प्रकाशक आहेत, ते छापायला तयार होते. मी तक्ता उघडला. कुहीच्या घरापुढे, सरस्वतीबाईंच्या रकान्यात, वर्षावर्षाचे आकडे भरलेले होते.

"त्यांनी भरले?" मी विचारले.

"मी भरले. गुणाकारच तर होता," शांताबाई म्हणाल्या. "अक्षर तसंही सगळं माझंच आहे."

त्यांनी प्रस्तावनेत ही गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, की हा रकाना लेखकाच्या पश्चात त्याच्या पत्नीने भरला. हस्तलिखित छापखान्यात गेले. कुहीचे घर तिसऱ्या फर्म्यात, एका वेळी छापल्या जाणाऱ्या पानांच्या तिसऱ्या गठ्ठ्यात, येत होते. आत्मारामजींचा मुलगा रमेश, जो आता घर बघतो, त्याला हे कळले आणि त्याने निरोप पाठवला, की छपाई थांबवा. गेल्या रविवारी तो सकाळच्या बसने नागपूरला आला. सोबत सरस्वतीबाई होत्या. प्रकाशक आणि मी आधीच येऊन बसलो होतो.

रमेशने वडिलांचेच वाक्य म्हटले, जवळजवळ त्याच शब्दांत. "काकू, आमच्या घरच्या बाया मजुरीनं जात नाही. तेवढं काढून टाका, बाकी पुस्तक छापा."

शांताबाईंनी सरस्वतीबाईंना विचारले, "ताई, वाचून दाखवू?" आणि त्यांच्या नावापुढची ओळ वाचली : पऱ्हे उपटण्याचे दिवस, रोवण्याचे, निंदणाचे, कापणीचे. सरस्वतीबाई पदर कानामागे घेऊन ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे चुकलं वं शांता."

"जास्त धरलं का?"

"रोवण्याले मी एकटी होती का? गल्लीतल्या बाया येत नव्हत्या? त्या कुठी गेल्या?"

"त्यांच्याकडे तुम्ही जात होतात ना ताई. म्हणजे फिटलं. दोन्हीकडून वजा."

"फिटलं कुठी? आमच्या बांध्या किती, त्याईच्या किती. त्या माह्या इथं आठवडाभर वाकून राहत, अन् मी त्याईच्या इथं एका रोजात मोकळी. लिवाचं असन तं त्याईचं बी लिवा."

"आई, तू चूप राय ना," रमेश म्हणाला. "काढायले आलो आपण, वाढवायले नाही."

"तू चूप राय. तुले रोवता येते का?"

प्रकाशकांनी माझ्याकडे पाहिले. मी शांताबाईंना म्हणालो, की उसनवारीचा हिशेब पुस्तकात कुठल्याच देशासाठी नाही. तो एका घरासाठी घेतला तर चारही घरांसाठी घ्यावा लागेल. तीन घरे समुद्रापार आहेत. पहिले दोन फर्मे छापून झाले आहेत. हे सगळे एका तळटिपेत बसेल.

"तळटीप कोण वाचतं?" शांताबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी आणि पेन्सिल मागवली.

रमेश दुपारच्या बसने एकटा परतला. सरस्वतीबाई सक्करदऱ्यालाच राहिल्या. गुरुवारी दोघी जावा शेजारणींची नावे आणि दिवस विचारून घेण्यासाठी कुहीला गेल्या. डेन्मार्क, जपान आणि इजिप्तला पत्रे गेली आहेत. तिसरा फर्मा मुद्रकाने मशीनवरून उतरवला आहे.